नाव आणि चेहरा

‘द साँग ऑफ द शर्ट’ हा डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा १९०८ मधला मूकपट. आजारी बहिणीसाठी सदरे शिवणारी एक गरीब मुलगी एवढेच त्याचे कथानक. तो प्रथम पाहिला तेव्हा चित्र संपल्यावरही मी पडद्याकडे पाहत राहिलो. मला त्या शिवणारणीचे नाव हवे होते. पण तिचे नाव त्या काळी पडद्यावर येतच नसे.

ती फ्लॉरेन्स लॉरेन्स. न्यूयॉर्कच्या बायोग्राफ कंपनीत तिने ग्रिफिथच्या हाताखाली कितीतरी छोटे मूकपट केले. नाव कळले की लौकिक वाढणार आणि लौकिकाबरोबर पगारही, हे मालकांनी ओळखले होते. प्रेक्षक मात्र चेहरा विसरत नव्हते. त्यांनी तिला ‘बायोग्राफ गर्ल’ करून टाकले. मालकाच्या नावावरून माणसाला ओळखण्याची रीत जुनीच आहे. १९०९ मध्ये तिने दुसऱ्या कंपनीकडे काम विचारले, तेव्हा बायोग्राफने तिला काढून टाकले.

कार्ल लेमलेने तिला आपल्या कंपनीत घेतले. १९१० च्या मार्च महिन्यात त्याने जाहिरात दिली : लॉरेन्स अपघातात मेली ही बातमी खोटी आहे. ती खोटी बातमीही त्यानेच पिकवली, असे मानले जाते. त्याच महिन्यात सेंट लुइस शहरात ती लोकांसमोर आली आणि तिला पाहायला गर्दी लोटली. चित्रपटसृष्टीच्या पहिल्या ‘स्टार’चा उदय असा तिच्या मृत्यूच्या अफवेतून झाला. बायोग्राफने पैशासाठी नाव दडवले होते. लेमलेने ते पैशासाठीच उच्चारले.

तिची बुद्धी अभिनयापुरतीच नव्हती. मोटारगाडी कोणत्या बाजूस वळणार, हे मागच्याला दाखवणारा हात तिने १९१४ च्या सुमारास योजला. पण त्याचे पेटंट घेतले नाही. तेथेही तिचे नाव लागले नाही.

पुढे काळ बदलला. हॉलिवूड उभे राहिले, बोलपट आले. तिशीच्या दशकात मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या चित्रपटांत ती किरकोळ भूमिका करू लागली. श्रेयनामावलीत आता नटनट्यांची नावे झळकत होती. गर्दीतल्या या बाईचे त्यांत नसे. २८ डिसेंबर १९३८ रोजी, दुर्धर आजाराने खचलेल्या अवस्थेत, तिने आत्महत्या केली. हॉलिवूडच्या दफनभूमीत तिला मूठमाती मिळाली; थडग्यावर दगड नव्हता.

तो १९९१ मध्ये बसवला गेला. त्यावर तिचे नाव आहे, ‘बायोग्राफ गर्ल’ हे बिरुद आहे आणि ती पहिली चित्रतारका होती, हेही कोरले आहे. जन्मसाल मात्र १८९० दिले आहे. कॅनडातील हॅमिल्टन येथे ती जन्मली ती १८८६ मध्ये.

लेखाखाली आपले नाव नीट छापले आहे ना, हे आधी पाहणारा मी माणूस आहे. लॉरेन्सची हकीकत कळल्यापासून त्या सवयीची थोडी लाज वाटते. तो मूकपट मी पुन्हा पाहिला, तेव्हा शेवटी नावाची वाट पाहिली नाही. सुई ओढणाऱ्या त्या हातांकडेच पाहत राहिलो.