फार प्रबळ कोण?

मुलांच्या खेळातील दुबळ्या गड्यासाठी मराठीने एक गोड शब्द करून ठेवला आहे : लिंबूटिंबू. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही. तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही. गिरगावच्या ज्या चाळीत माझे बालपण गेले, तिथे प्रत्येक लपंडावात असे एकदोन लिंबूटिंबू असतच. याच्या उलट टोकाला जो उभा असतो, म्हणजे जो इतका प्रबळ आहे की त्याच्यासमोर खेळण्यात इतरांना अर्थच उरत नाही, त्याच्यासाठी मात्र आपल्याकडे असा लाडका शब्द नाही. उपाय आहेत. कुस्तीत वजनी गट आहेत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात तर फार मौजेची तजवीज आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, एकूण 120. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो डाव सुरू करणार. रात्री खेळत असाल तर तो मान कृष्णाच्या राजाचा. कोणालाही सर्वकाळ राज्य मिळू नये, हे त्या जुन्या लोकांनी किती सहजतेने साधले आहे!

हा विचार माझ्या मनात आला तो नातवामुळे. मिरा रोडच्या आमच्या घरी यंदाच्या मे महिन्यात तो आणि इमारतीतले त्याचे दोन मित्र दुपारभर एकच वाद घालीत बसत : अमुक एक प्राणी ‘फार प्रबळ’ आहे की नाही, आणि असल्यास त्याच्यावर बंदी घालावी की नाही. खेळ पोकेमॉनचा. मी आधी स्वयंपाकघरातून ऐकत असे, मग खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसले, आणि अखेर किराण्याच्या वहीच्या मागच्या पानांवर टिपणे काढू लागले.

1996 साली जपानमध्ये हा खेळ निघाला तेव्हा त्यात 151 प्राणी होते. आता ते हजारावर गेले आहेत. प्रत्येकाने सहा प्राण्यांचा संघ घेऊन उतरायचे. प्रत्येक प्राण्याला चारच डावपेच येतात. अग्नी, जल, वनस्पती असे त्यांचे 18 प्रकार. पाणी आगीला भारी, आग झाडाला भारी, झाड पाण्याला भारी. प्राण, हल्ला, बचाव, वेग अशा सहा गुणांचे आकडे असतात. म्यूटू नावाच्या प्राण्याच्या आकड्यांची बेरीज 680 भरते, तर सर्वांच्या ओळखीच्या पिवळ्या पिकाचूची 320. तेव्हा म्यूटूवर बंदी, प्रश्न मिटला, असे मला वाटले. मुले हसली.

कारण स्लेकिंग नावाचा एक आळशी, अगडबंब प्राणी आहे. त्याची बेरीज 670, म्हणजे जवळजवळ म्यूटूइतकीच. पण त्याचा स्वभाव असा की एका खेळीत वार केला की पुढच्या खेळीत तो नुसता लोळत राहणार. त्याला कोणी भीत नाही. याउलट वॉबफेट नावाचा एक निळा, भोळसट प्राणी. आपण होऊन वार करणे त्याला येतच नाही. समोरच्याने मारले तरच दुप्पट परत करतो. पण तो समोर उभा असेपर्यंत प्रतिस्पर्ध्याला आपला प्राणी मागे घेता येत नाही. अडकला तो अडकला. म्हणून एके काळी या भोळसटाला खेळाडूंनी म्यूटूच्या पंक्तीला बसवून सामान्य स्पर्धेतून बाहेर काढले होते. बळ बेरजेत मोजता येत नाही, हे त्या तेरा वर्षांच्या मुलांना जितके स्वच्छ ठाऊक आहे, तितके ते रक्ततपासणीचे आकडे हातात धरून बसणाऱ्या आम्हा ज्येष्ठांना असते तर किती बरे झाले असते.

मग फार प्रबळ कोणाला म्हणायचे? मुलांच्या तीन कसोट्या होत्या. त्याला काही उतारा आहे का, ही पहिली. त्याच्या जोरावर अडाणी खेळाडूही शहाण्याला हरवतो का, ही दुसरी. तिसरी मला सर्वांत खोल वाटली. सगळे जण आपापला संघ त्या एका प्राण्याकडे पाहूनच बांधू लागले आहेत का? तसे झाले, तर तो हरत असला तरी प्रबळच. कारण तो मैदानात नसतानाही खेळ त्याचाच चालू असतो.

निर्णयाची रीतही शिस्तीची आहे. स्मोगॉन नावाचे हौशी खेळाडूंचे एक मंडळ आहे. त्याचे नियम जगभर मानले जातात. संशयित प्राण्याला काही काळ चाचणीखाली ठेवतात. त्या काळात भरपूर खेळून ठरावीक गुण मिळवणाऱ्यालाच मताचा अधिकार मिळतो, आणि 60 टक्के मते विरुद्ध पडली तरच बंदी. जो खेळलाच नाही, त्याचे मत कोणी विचारीत नाही. ही अट मला आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेलाही लावाविशी वाटते.

खेळ काढणाऱ्या कंपनीची वाट वेगळी. पहिल्या आवृत्तीत मनोबलाने लढणारे प्राणी अनावर झाले होते. भुताने त्यांना भारी पडावे अशी योजना होती, पण संगणकाच्या मांडणीतल्या दोषामुळे भुताचा मारा त्यांच्यावर मुळी चालतच नसे. 1999 साली दुसरी आवृत्ती आली तेव्हा कंपनीने कोणाला हाकलले नाही. अंधार आणि पोलाद असे दोन नवे प्रकारच निर्माण केले. अंधारावर मनोबलाचा काही परिणाम होत नाही, पोलादावर तो अर्धाच होतो.

आरोग्याच्या पाक्षिकात लिहीत असल्याने एक घटना इथे सांगितली पाहिजे. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये पोकेमॉनच्या मालिकेतला एक भाग पाहताना लाल-निळ्या प्रकाशाच्या वेगवान लखलखाटाने अनेक मुलांना त्रास झाला. काहींना झटके आले. सुमारे 685 मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हापासून तिथल्या कार्यक्रमांतून, खोलीत दिवा लावून आणि पडद्यापासून दूर बसून पाहा, अशी सूचना देण्याची प्रथा पडली. तो लखलखाट कथेत पिकाचूच्या विजेचा होता. पण त्या भागाचा पाहुणा पोरिगॉन नावाचा प्राणी होता, आणि मालिकेतून प्रमुख भूमिका गेली ती त्या बिचाऱ्याची. बंदी नेहमी प्रबळावरच येते असे नाही. आमच्या घरी मात्र दिवाणखान्याचे दिवे लावल्याशिवाय खेळ नाही आणि दर अर्ध्या तासाने उठून गॅलरीत जायचे, हा माझा नियम. त्यावर मतदान नाही.

आता तिसऱ्या कसोटीकडे परत येते. सहा वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना कंपवाताचे निदान झाले. ते आज 76 वर्षांचे आहेत. बँकेत 34 वर्षे रोखपाल होते. हळूहळू आमच्या घराचा सगळा संघ त्या एका आजाराकडे पाहून बांधला गेला. गोळ्यांच्या चार वेळा. डाळ-पनीर गोळीच्या वेळेपासून दूर, कारण प्रथिनांनी औषधाचा अंमल कमी होऊ शकतो. दारात पाय थबकतात म्हणून उंबरठ्यापाशी जमिनीवर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या. मुलाची कामाची पाळी त्यांच्या स्नानाच्या वेळेला धरून. माझे भाईंदरच्या जेसल पार्क चौपाटीवर जाणे बंद. ते शांत झोपलेले असतानाही आम्ही तिघे कान देऊन बसलेले. ज्या दिवशी कंप नसेल, त्या दिवशीही घर त्याचेच. असे घर चालवणाऱ्या वाचकांना मी याहून अधिक सांगायला नको.

यावर बंदी घालता येत नाही, हे नातवालाही कळते. पण त्यांच्या खेळात बंदीशिवाय आणखी एक मार्ग असतो : एक छोटे कलम जोडायचे. उदाहरणार्थ, प्रतिस्पर्ध्याच्या एकाच प्राण्याला एका वेळी झोपवता येईल. तो जागा होण्याआधी दुसऱ्याला झोपवायचे नाही. नातू सहज म्हणाला, “आजी, आजोबांच्या आजारालापण हे कलम लावूया. एका वेळी एकालाच अडकवायचं.” त्याच्या वडिलांनी त्याच रात्री कागद घेतला. आता पाळी ज्याची, तोच कान देऊन बसतो. बाकीच्यांनी खरोखर मोकळे व्हायचे. रविवारी संध्याकाळी मी पुन्हा जेसल पार्कला जाते, खाडीवरच्या पुलावरून जाणाऱ्या गाड्या पाहते. पहिल्या दोन रविवारी घरी दूरध्वनी केला. मुलाने तो उचलला नाही. बरोबर केले त्याने.

राहिले पत्त्यांचे. त्याच सुटीत वीज गेलेल्या एका दुपारी यजमानांनी मुलांना मेंढीकोट शिकवला. हातात पाने धरणे त्यांना जमत नाही. म्हणून सुताराकडून फूटभर लाकडी पट्टीला तिरकी खाच पाडून घेतली आहे, तीत पाने उभी राहतात. शेजारीपाजारी आणि आप्त मंडळी त्यांच्याशी पत्ते खेळताना हळूच हरतात. ते हरणे त्यांना कळते, आणि ते काही बोलत नाहीत. मुलांना ही रीत माहीत नव्हती. त्यांनी जिंकण्यासाठी जीव तोडून खेळ केला आणि नऊ दिवस सपाटून मार खाल्ला. रोखपालाच्या डोक्यात गेलेले प्रत्येक पान जमा-खर्चासारखे नोंदलेले असते. हुकुमाची किती पाने उरली आणि कोणाकडे दश्शी दडली आहे, हे ते सातव्या हाताला सांगतात. त्यातून भिडू नातू. आजोबांच्या भुवईची हालचाल त्याला वाचता येते.

दहाव्या दिवशी दोघा मित्रांनी रीतसर मागणी केली : आजोबा-नातू ही जोडी फार प्रबळ आहे, तिची चाचणी व्हावी. किमान दहा डाव खेळलेल्यालाच मत. मी अधूनमधून बदली खेळत असल्याने पात्र ठरले. म्हणजे तीन मुले आणि मी. 60 टक्क्यांसाठी तीन मते हवीत. ज्याच्याविषयी मतदान, त्याला मत नाही. यजमान पट्टीवरची पाने नीट करीत बसले होते, पण कान आमच्याकडे होते. त्यांचा चेहरा या आजारात पुष्कळदा कोरा दिसतो. त्या दुपारी तो कोरा नव्हता. गेल्या सहा वर्षांत त्यांना कोणी फार प्रबळ म्हटले नव्हते.

मित्रांची दोन मते बंदीच्या बाजूने, नातवाचे विरुद्ध. निर्णय माझ्या मतावर आला. नातू आशेने माझ्याकडे पाहत होता. मी बंदीच्या बाजूने मत दिले.

तेव्हापासून भिडू चिठ्ठी टाकून ठरतो, आणि आजोबा तरीही बऱ्याचदा जिंकतात. दिवाळीच्या सुटीत फेरचाचणी आहे. त्यासाठी त्यांनी स्वहस्ते एक अर्ज लिहून ठेवला आहे. कंपवातात अक्षर बारीक होत जाते, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढे. मुलांनी भिंग आणून तो वाचला. अर्जात जोडी पुन्हा द्यावी अशी विनंती असेल, अशी माझी समजूत होती. त्यांनी मागितले आहे ते एवढेच : पुढच्या वेळी डाव औषध घेतल्यानंतर तासाभराने ठेवावा, म्हणजे पूर्ण बळानिशी खेळता येईल, आणि मग काय ती बंदी घालावी.