तांब्याच्या गावी

पुण्याच्या रविवार पेठेतील तांब्या-पितळेच्या भांड्यांची तीन पिढ्यांची पेढी दिवाळीनंतर बंद करावयाची, असे अण्णांनी ठरविले होते. उरलेला माल वजनावर मोडीत काढावा, हा धाकट्या बंधूंचा विचारही त्यांनी मान्य केला होता. मन मोकळे करावे म्हणून ते काही दिवस लेकीकडे, अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात, गेले. ‘‘अण्णा, जन्मभर तुम्ही तांबे विकलेत. ते निघते कसे, हे एकदा पाहून तरी घ्या,’’ असे म्हणून लेकीने एका रविवारी त्यांना बिस्बी या गावी नेले. सोबत दहा वर्षांची नात होती.

मेक्सिकोच्या सीमेजवळ, म्यूल पर्वताच्या घळीत हे गाव १८८० साली तांब्याच्या खाणीसाठी वसले. उतारावर एकावर एक रचल्यासारखी घरे आणि त्यांना जोडणाऱ्या लांबच लांब पायऱ्या. जुन्या इमारतींत आता चित्रकारांची व कारागिरांची दुकाने आहेत. गावाच्या कडेला ‘लॅव्हेंडर पिट’ नावाची सुमारे नऊशे फूट खोल उघडी खाण आहे. नातीला ते फुलाचे नाव वाटले. वस्तुतः ते कंपनीच्या एका अधिकाऱ्याचे आडनाव आहे. ही खाण १९७४ मध्ये थांबली आणि पुढच्याच वर्षी भुयारी कामही बंद झाले. ज्या धंद्यावर गाव उभे होते तोच गेला. तेव्हा गावकऱ्यांनी ‘क्वीन’ खाणीची भुयारे स्वच्छ करून नव्याने सावरली आणि १ फेब्रुवारी १९७६ पासून ती प्रवाशांना खुली केली. या कामात पूर्वीचे खाणकामगारच पुढे होते.

डोक्यावर शिरस्त्राण आणि दिवा घेऊन तिघेही चिमुकल्या आगगाडीत घोड्यावर बसावे तसे बसले. गाडी डोंगराच्या पोटात सुमारे पंधराशे फूट आत गेली. बाहेर ऊन रणरणत होते. आत जेमतेम आठ अंश सेल्सिअस. वाटाड्याने दगडाला छिद्रे कशी पाडीत, सुरुंग कसे भरीत, हे दाखविले. आरंभी मेणबत्तीच्या उजेडात काम चाले. पुढे यंत्रे आली, तशी कोरड्या दगडाची धूळ कामगारांच्या फुप्फुसांत साठू लागली. छिद्रात पाणी सोडणारी यंत्रे त्यानंतरची. खाणीत उतरणाऱ्याच्या नावे क्रमांकाचा पितळी बिल्ला असे. पाळी संपल्यावर एखादा बिल्ला जागेवर आला नाही, की तो माणूस अजून आत आहे, असे समजावयाचे. अण्णांनी पितळ आयुष्यभर तोलले होते. त्याचा असा हिशेब त्यांनी प्रथमच ऐकला.

गावातील संग्रहालय खाण-कंपनीच्या १८९७ सालच्या कचेरीत आहे. म्हणजे एका परीने ती पेढीच. तेथे चमकदार हिरवी-निळी खनिजे आहेत, तशीच कामगारांच्या जीवनाची हकिगतही आहे. १२ जुलै १९१७ रोजी याच गावात संपावर गेलेले कामगार व त्यांचे पाठीराखे, असे सुमारे बाराशे पुरुष बंदुकीच्या धाकाने गोळा केले गेले आणि गुरांच्या डब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडले गेले. महायुद्धाचे दिवस होते आणि तांब्याला मागणी मोठी होती. अण्णांना वाटले, या गावाने आपली वही जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंनी उघडी ठेवली आहे.

परतीच्या वाटेवर नातीने विचारले, ‘‘आजोबा, तुमच्या भांड्यांवर नाव असते ना? ते करणाऱ्याचे का?’’

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. त्यांच्या दुकानात भांड्यावर नाव घालून देणारा माणूस वर्षानुवर्षे बसत असे. कोणी कोणाला, कोणत्या लग्नात दिले, ते सारे तो कोरी. तांबट आळीत दिवसदिवस हातोडी चालवून ज्यांनी ती भांडी मठारली, त्यांचे नाव एकाही हंड्यावर नव्हते. स्टीलचा जमाना आला, तेव्हा पेढीने त्यांना काम देणे हळूहळू थांबविले. कोणाचे पैसे बुडविले नाहीत. मात्र कोणाच्या दारी जाऊन चार शब्दही बोलले नाहीत.

रात्री त्यांनी पुण्याला दूरध्वनी केला. पेढी बंद करण्याचा निर्णय कायम होता. परंतु हाताने मठारलेले बंब, हंडे आणि घंगाळी मोडीत द्यावयाची नाहीत, असे त्यांनी बंधूंना सांगितले. तांबट आळीतील वृद्धांना बोलावून कोणते भांडे कोणी घडविले ते विचारावे आणि ते नाव त्यावर घालून घ्यावे.

‘‘आणि ज्यांची नावे कुणालाच आठवणार नाहीत, त्यांचे काय, अण्णा?’’ बंधूंनी विचारले.

‘‘त्या भांड्यांवर तेवढी जागा मोकळी ठेव,’’ अण्णा म्हणाले. ‘‘पण ती मोडीत घालू नकोस.’’