‘चालतं का तुला?’

गेल्या पंचवीसहून जास्त वर्षांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल, त्याची मोजदाद नाही. लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, शेतात हुरडा खायला गेल्यावर, इतकंच काय, तेराव्याच्या जेवणालासुद्धा! विचारणाऱ्याच्या मनात माया असते हो. पण या साध्या प्रश्नाभोवती माझं बरंच आयुष्य गेलं, म्हणून आज त्याबद्दल लिहायचं ठरवलंय. आमच्या घरातलेही काही जण इथे डोकावतात. त्यांनाही एकदा नीट सांगता येईल.

मला टाइप वन डायबेटिस आहे. १९९८ साली, तेराव्या वर्षी झाला. गोड खाल्ल्यामुळे नव्हे. यात आपलीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. मग इन्शुलिन बाहेरून घ्यायचं, रोज, जन्मभर. परभणीच्या उन्हाळ्यात लाइट गेली की आमच्याकडे ते माठाच्या गारव्याला ठेवायचे.

दुसऱ्या आजाराला आपल्याकडे धड नावही नाही. डॉक्टर ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. जेवण, वजन आणि स्वतःची किंमत या तीन गोष्टींची डोक्यात अशी काही गाठ बसते, की माणूस दिवसभर तेवढाच विचार करतो. कुणी खाणंच सोडतं, कुणी उपाशी राहून मग रात्री भान हरपून खातं. माझा प्रकार दुसरा. दिवसा चतुर्थी, गुरुवार, एकादशी आणि रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातले डबे.

गंमत बघा, डबे कुणाला दिसले नाहीत, उपास मात्र सगळ्यांना दिसले. ‘किती निग्रही पोरगी आहे, शुगर आहे तर जिभेवर ताबा ठेवलाय बघा’ असं आमच्या मावशी चार जणींत सांगायच्या. ‘बारीक झालीस गं, छान दिसतेस’ हेही होतंच. आपल्याकडे न खाणं ही एक कमाई असते. त्यामुळे न खाणारी मुलगी आजारी असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही.

टाइप वनमध्ये हा आजार आणखी एक रस्ता शोधतो, इन्शुलिन टाळण्याचा. इन्शुलिन नसलं की साखर पेशींत जात नाही, लघवीवाटे वाहून जाते. शरीर उपाशी पडतं आणि आपलीच चरबी, आपलेच स्नायू जाळायला लागतं. त्यातून कीटोन नावाची आम्लं रक्तात साठतात. उलट्या, खोल धापा, श्वासाला पिकल्या फळासारखा वास, आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर मृत्यू. मी दोनदा अशी दवाखान्यात गेले. दोन्ही वेळा घरी निरोप गेला तो ‘शुगर वाढली’ एवढाच.

हे माझ्या एकटीचं असेल असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. तसं नाहीये. कॅनडातला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात टाइप वन असलेल्या किशोरवयीन मुलींमध्ये खाण्याचे आजार इतर मुलींच्या जवळपास दुप्पट आढळले. बोस्टनच्या जोसलिन डायबेटिस सेंटरनं २३४ स्त्रियांचा अकरा वर्षं मागोवा घेतला. त्याचे निष्कर्ष २००८ साली आले. इन्शुलिन कमी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका तिप्पट होता. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं २०१९ साली नेमक्या या जोड-आजारासाठी खास उपचार सुरू केले.

असं का होत असावं? मला वाटतं, पथ्य आणि हा आजार एकाच भाषेत बोलतात. मोजा, टाळा, लिहून ठेवा, हे चांगलं, ते वाईट. इन्शुलिन मिळण्यापूर्वी तर उपाशी ठेवणं हाच डायबेटिसवरचा उपचार होता. अमेरिकेतली एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी १९१९ पासून असा उपासाचा उपचार घेत होती. १९२२ च्या ऑगस्टमध्ये टोरांटोला बँटिंगकडे पोचली तेव्हा जवळपास पंधरा वर्षांच्या त्या पोरीचं वजन वीस-एकवीस किलो होतं. इन्शुलिन मिळालं आणि ती जेवू लागली. पुढे लग्न झालं, मुलं झाली, १९८१ पर्यंत जगली. इन्शुलिनचा शोध लागला तो माणसाला जेवता यावं म्हणून. एवढी साधी गोष्ट समजायला मला बरीच वर्षं लागली.

माझे उपचार २०११ साली सुरू झाले. सकाळच्या मराठवाडा एक्सप्रेसनं तेव्हाच्या औरंगाबादला जायचं. शुगरचे डॉक्टर, मनाचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ, तिघंही एकमेकांशी बोलत, हे माझं नशीब. पहिलेच महिने सगळ्यात अवघड. इन्शुलिन पुन्हा नीट सुरू झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, पाय सुजतात, काटा झरझर वर जातो. मनातल्या भीतीला तेवढंच निमित्त पुरतं! डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की ही चरबी नाही, पाणी आहे, काही आठवड्यांत ओसरेल. ओसरलंही. शुगरही त्यांनी हळूहळू खाली आणली, कारण ती एकदम उतरवली तर डोळ्यांचा आणि नसांचा त्रास काही काळ वाढू शकतो. वजन करताना मी काट्याकडे पाठ करून उभी राहायचे, आकडा फक्त डॉक्टर बघायचे.

मग जेवण शिकले. हो, शिकलेच! मराठवाड्यात आपला पक्का समज की भाकरीनं शुगर वाढत नाही. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण पस्तीस ग्रॅम कर्बोदकं असतात. तेवढ्याला पुरेल एवढं इन्शुलिन घ्यायचं आणि भाकरी सुखानं खायची. महालक्ष्म्यांच्या पुरणपोळीचा हिशोबही असाच. हिशोब आहे, शिक्षा नाही.

सगळ्यात कठीण गेली ती साखर. शुगर ७० च्या खाली आली की तीन चमचे साखर खायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. हात थरथरताहेत, अंग घामेजलंय, आणि ज्या पदार्थाला सगळ्यात जास्त घाबरायचं तोच औषध म्हणून तोंडात टाकायचा! ती पंधरा मिनिटं थांबणं, त्यानंतर डबे न उघडणं, याला मला दोन वर्षं लागली. आता डोकं त्यावर अडत नाही.

पूर्ण बरी झालेय का? बहुतेक दिवस हो. उपास मात्र करत नाही. २०१८ च्या सुमारास दोनच वेळा जेवायची लाट आली तेव्हा घरोघरी आग्रह झाला. ‘माझ्या डॉक्टरांनी नको म्हटलंय’ एवढं एकच वाक्य मी सगळीकडे वापरलं.

तुमच्या घरात इन्शुलिन घेणारी मुलगी असेल, तर एवढं बघा. शुगर सतत चढलेली, वजन उतरतंय, जेवताना टाळाटाळ, इंजेक्शन दार लावून. रागावू नका. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. जवळपास मनाचे डॉक्टर नसतील तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आणि तिच्या अंगाबद्दल बोलू नका, वाळली म्हणून नको आणि भरली म्हणूनही नको.

राहिला तो प्रश्न. उत्तर असं, की मला सगळं चालतं. वाढा तुम्ही, हिशोब मी करते.

असो. खूपच लांबलं आज.