अकोला ते अमरावती : टिळकांच्या वाटेवर

कवी नारायण वामन टिळकांची येशूशी पहिली गाठ पडली ती रेल्वेच्या डब्यात. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या, नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. त्याचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. डोंगरावरील प्रवचन वाचू लागल्यावर मात्र पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

राजनांदगावला जाणारी मुंबई-हावडा गाडी अकोल्यावरूनच जाते. अकोल्यात अलायन्स मिशनचे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. मी पोचलो तो रविवार होता. उपासनेला पेटी, तबला आणि टाळ. बायकांच्या डोक्यावर पदर, आणि कापडी वेष्टनातले पवित्र शास्त्र मांडीवर. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकात टिळकांची भजने आहेत. म्हाताऱ्या माणसांना ती पाठ होती, पान उलटावे लागत नव्हते.

ख्रिस्ती झालेला माणूस आपल्या मातीतून उठला, हा समज टिळकांच्या काळी पक्का होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणी आलो, असे टिळक मात्र सांगत. त्यांनी अभंग लिहिले, ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ आरंभले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही तिथे जागा होती.

मूर्तिजापूर मागे पडले. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी, मध्येच तुरीचे तास. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आठवण इथे अधिक झाली, कारण त्यांची वाट मला जास्त अवघड वाटते. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. कित्येक वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्या तरी सोवळेओवळे सुटले नव्हते. जातिभेद देवाने केला नाही, हे एके दिवशी त्यांना मनोमन पटले आणि कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ही सारी घालमेल त्यांनी घरगुती मराठीत सांगितली आहे. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुढे नेले.

अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरायचे. संध्याकाळी एका घरी प्रार्थना होती. दारातच एका आजींनी दोन्ही हात पुढे करून ‘सलाम’ म्हटले आणि पाठोपाठ विचारले, ‘‘कोन्त्या गावचे जी तुमी?’’ गाव सांगितले. त्यांनी सरकून सतरंजीवर जागा केली, गीतपुस्तक पुढे ठेवले आणि टिळकांच्या भजनाच्या पहिल्या शब्दावर बोट टेकवले.