वाळूचा जमाखर्च

दिल्लीतील सरोजिनी नगरच्या रहिवाशाला वाळू भेटते ती बांधकामाशेजारी ओतलेल्या ढिगाच्या रूपात. समुद्रापासून इतक्या दूर वाळू म्हणजे भिंत बांधण्याचे साहित्य, एवढीच तिची ओळख. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवबागच्या रहिवाशाला मात्र वाळू म्हणजे पायांखालची भूमी होय. त्याचे घर आणि माडांची बाग तिच्याच आधाराने उभी असते.

मालवणच्या दक्षिणेस, तारकर्लीच्या पुढे देवबागची चिंचोळी पट्टी पसरली आहे. तिच्या पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदी आणि दक्षिण टोकाशी दोहोंचा संगम आहे. अशा भूरूपास भूगोलात ‘वाळूचा दांडा’ म्हणतात.

हा दांडा घडतो तो अत्यंत संथपणे. नद्या डोंगरातील खडकांची झीज वाहून आणतात. समुद्र त्यात शिंपल्यांचा चुरा मिसळतो. लाटा किनाऱ्यावर तिरप्या चढतात, परंतु पाणी उताराने सरळ खाली परतते. या प्रत्येक फेरीत वाळूचा कण किनाऱ्यालगत किंचित पुढे सरकतो. नदीच्या मुखाशी प्रवाहाचा जोर ओसरला, की तो तेथे विसावतो. असे असंख्य कण साचून भूमी लांबत जाते.

मात्र ही भूमी कायमची नसते. पावसाळ्यातील उसळत्या लाटा पुळणीवरील वाळू ओढून नेतात. पुढे हिवाळ्यातील शांत लाटा तिचा बराचसा भाग परत आणतात. उरलेली वाळू मर्यादवेल आपल्या मुळांनी धरून ठेवते. निसर्गाचा हा जमाखर्च पुष्कळ काळ जुळत आला.

तो बिघडतो तो जमेची बाजू आटली म्हणजे. धरणात गाळ अडतो; नदीपात्रातून वाळूचा बेसुमार उपसा होतो. शहरात पोहोचणारी बरीचशी वाळू अशीच एखाद्या नदीने समुद्राकडे नेलेली ठेव असते. ठेव घटली, की वादळाचा घाव अधिक खोल जातो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला जबर तडाखा दिला, तेव्हा वाळूवर वसलेल्या वस्त्यांचे भय उघड झाले.

अशा वेळी दगडी बंधाऱ्याची मागणी होणे स्वाभाविक आहे. बंधारा मागचे घर वाचवतो; पण त्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू खरवडते आणि पुष्कळदा शेजारच्या किनाऱ्याची धूप वाढते. शिवाय रापण ओढण्यासाठी मोकळी पुळण लागते. अनेक हातांनी जाळे ओढून मासळीचे वाटे करणारे रापणकर दगडांच्या राशीवर उभे राहणार कोठे? घर वाचवावे की उपजीविका, असा कठीण प्रश्न गावापुढे उभा राहतो.

भरतीरेषेलगतच्या बांधकामांवर व वाळूउपशावर निर्बंध घालणारी अधिसूचना केंद्र सरकारने १९९१ मध्ये काढली. पुढे तीत बदलही झाले. नियम आवश्यक आहेतच. त्यांच्या जोडीला नदीचा वाटा नदीला आणि समुद्राचा वाटा समुद्राला मिळू देण्याचा विवेकही हवा. किनारा राखण्याचे काम नदीच्या पात्रापासूनच सुरू होते.