पाणी जातं कुठं?

मुंबईहून साताऱ्याकडं गाडीनं निघालं की तीन घाट लागायचे: बोरघाट, कात्रज आणि खंबाटकी. एक्स्प्रेसवे व्हायच्या आधीची गोष्ट. मे महिन्यात बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग लागलेली असे आणि तीत आमची प्रीमियर पद्मिनीही असे. त्यात गाडीचा काही दोष नव्हता. १०८९ सीसीचं इंजिन, आत दाटीवाटीनं आम्ही सगळे, टपावर सामान आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरचा चढ. इंजिन जोरात फिरतंय, गाडी मात्र सावकाश, त्यामुळं रेडिएटरला वारा नाही. पाणी उकळणारच. बाबा झाकणावर ओलं गोणपाट टाकून थांबायचे. आम्ही तेवढ्यात करवंदांच्या जाळीत शिरायचो. मग ते गोणपाटासकट झाकण अर्धा आटा फिरवून वाफ जाऊ द्यायचे आणि इंजिन चालू ठेवून बारीक धारेनं पाणी ओतायचे. तापल्या लोखंडावर गार पाणी एकदम पडलं तर ब्लॉकला चीर जाते, हे मला शाळेत विज्ञान शिकायच्या आधीच ठाऊक झालं होतं.

घाट नसतानाही पाणी कमी व्हायचं. ते जातं कुठं, हे मात्र घरात कुणी विचारत नसे. गाडी पाणी पिते, असं म्हणत आणि डिकीतला कॅन भरून घेत.

त्याचं उत्तर कुणी शोधताना मी पहिल्यांदा पाहिलं ते पुण्यात, नाना पेठेत. कॉलेजात असताना रेडिएटर घेऊन तिथल्या एका कारागिराकडं गेलो होतो. रेडिएटर तेव्हा तांब्या-पितळेचे असत. त्यानं दोन्ही तोंडं रबरानं बंद केली, आत हवा भरली आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा तो रेडिएटर हौदात बुडवला. एका कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. त्यानं तिथं खिळ्यानं खूण केली, जागा तासून चकचकीत केली आणि कथील वितळवून झाळली. काम हातात घ्यायच्या आधी त्यानं एकच विचारलं होतं, ‘‘हळद टाकलीय का यात?’’ गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची युक्ती आपल्याकडं जुनी आहे. हळद भोकात जाऊन बसते, हे खरं. पण अरुंद नळ्यांतही बसते आणि मग पाणी फिरेनासं होतं. अडल्या वेळी गावापर्यंत पोचायला ठीक, त्यापुढं तिचा उपयोग करू नये असं माझं ठाम मत आहे.

आता माझ्याकडं जुनी मारुती ८०० आहे. तिच्यात नुसतं पाणी नसतं, हिरवं कूलंट असतं. झाकण आतला दाब धरून ठेवतं, म्हणून ते शंभर अंशांनाही उकळत नाही. गळती लागली की कूलंटबरोबर हा दाबही जातो. आणि इंजिनचं हेड ॲल्युमिनिअमचं; ते एकदा फार तापलं की वाकतं, गॅस्केट उडतं. रबराच्या एका पाइपापायी एवढा खर्च ओढवू द्यायचा नाही, म्हणून रिझर्व्ह टाकीतली पातळी मी नेमानं बघतो. या हिवाळ्यात ती उतरायला लागली.

गॅरेजमध्ये सगळं कोरडं होतं. कारण साधं होतं: गाडी तिथं पोचायची ती तापूनच. तापलं की रबर फुगतं, क्लिपेखाली घट्ट बसतं आणि गळती मिटते. ती दिसणार फक्त पहाटे, थंडीत, पार्किंगमध्ये. हे काम घरीच व्हायचं होतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी त्यावर हिरवट डाग होता, पण त्याच्या थेट वर पाहून काही कळेना. थेंब पाइपाच्या पोटाखालून ओघळत जातो आणि सगळ्यांत खालच्या जागी सुटतो. बॅटरीच्या उजेडात मागोवा घेत वरच्या पाइपाच्या तोंडाशी पोचलो. क्लिपेभोवती पांढुरका, हिरवट क्षार जमला होता आणि त्याच्या कडेला एक थेंब थांबून होता.

पुढचं सोपं. निथळलेलं कूलंट घमेल्यात धरलं आणि फरशी लगेच पुसली. ते चवीला गोड असतं आणि कुत्र्यामांजरांना विष. जुना पाइप ब्लेडनं उभा चिरला. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटला असता तर त्याखालच्या धातूच्या तोंडाला ओरखडा गेला असता. तोंडावर साचलेली पांढरी भुकटी बारीक पॉलिश पेपरनं घासून काढली, तेव्हा धातू बोटाला गुळगुळीत लागला. नवा पाइप चढवला, कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं. बुडबुडे येत राहिले. बऱ्याच वेळानं थर्मोस्टॅट उघडला. पातळी झपकन खाली गेली आणि वरचा पाइप हाताखाली एकदम गरम झाला. हा क्षण मला फार आवडतो. इंजिनातलं पाणी फिरू लागल्याचं तळहाताला कळतं.

हीटरचे दोन बारीक पाइपही त्याच वयाचे आहेत. दाबले की करकरतात, म्हणजे आतलं रबर गेलं. नवे आणून ठेवलेत. जागा अडचणीची आहे, हात जेमतेम जातो. म्हणून क्लिपांच्या स्क्रूची तोंडं वरच्या बाजूला येतील अशी बसवणार आहे.