युनिफॉर्म सोडून

जोधपूरची पोस्टिंग संपत आली होती. पुढची फील्ड, म्हणजे कुटुंब सोबत नाही. गावाहून आई आली होती, तेव्हाच सगळ्यांचा एक फोटो काढायचं ठरलं. प्रश्न होता कपड्यांचा.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही युनिफॉर्म घाला." मलाही तेच सोयीचं. इस्त्रीचा जोड काढायचा, झालं. पण सौ. म्हणाली, "अहो, युनिफॉर्ममधले तुमचे फोटो भिंतभर आहेत. पोरांना जवळ घेऊन बसलेला त्यांचा बाप एकाही फोटोत नाही." यावर मी काय बोलणार?

रंगांचं गणितही तिनंच मांडलं. आई हिरवं इरकली लुगडंच नेसणार, ते बदलणार नाही. म्हणून सुरुवात तिच्यापासून. मागे मेहरानगडचा तांबूस दगड, तेव्हा लाल-केशरी बाद. माणूस त्यात हरवतो. मला मोतिया रंगाचा कुर्ता, मुलाला फिका हिरवा, मुलीला मोहरीच्या रंगाचा फ्रॉक, स्वतःला गडद निळी सुती साडी. बारीक रेघांचे शर्ट नकोत, कॅमेऱ्यात रेघांच्या लाटा दिसतात. दुपारच्या उन्हात डोळे मिटतात, म्हणून वेळ सकाळची.

पलटणीत एकसारखं दिसायची सवय लागलेली असते. इथे प्रत्येकाचा रंग वेगळा, तरी सगळे एका घरचे वाटत होते.

तो फोटो आता माझ्या काळ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलाय. मित्रांनो, पोस्टिंग ऑर्डर हातात असेल, तर सामान बांधण्याआधी एवढं करून घ्या. आणि त्या दिवशी युनिफॉर्म कपाटातच राहू द्या.